वाईच्या पलीकडे: नवख्यांसाठी लोकेशन शोधण्याची रीत

पहिल्या रेकीला, म्हणजे शूटिंगसाठी जागा बघायला, निघालेला पोरगा हमखास वाईला जातो. त्यात त्याचं फारसं चुकत नाही. मेणवलीचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, ढोल्या गणपती, कृष्णेचं पात्र, सगळं हाताशी. पुण्याहून पहाटे निघालं की नाश्त्याला वाई. गावाला शूटिंग इतकं अंगवळणी पडलंय की 'सायलेन्स' ऐकलं की चहावाला आपणहून स्टोव्ह बारीक करतो. पण हीच वाई पडद्यावर कितीदा तरी बिहार आणि उत्तर प्रदेश होऊन गेली आहे. आता तिथे कॅमेरा लावला की गोष्टीतलं गाव उभं राहत नाही, प्रेक्षक शेजारच्याला म्हणतो, "अरे, मेणवली!"

मग दिग्दर्शक सांगतो, कुणी न पाहिलेलं काहीतरी दाखव. नवखा माणूस मोबाइल काढतो आणि 'महाराष्ट्रातली अनोखी ठिकाणं' शोधायला लागतो. त्या यादीतल्या प्रत्येक जागी वडापावची गाडी आधीच पोचलेली असते.

मी बरीच वर्षं हे काम करतोय. माझ्यापुरता एक नियम ठरवला आहे: सुंदर जागा शोधायची नाही, काम सुटलेली जागा शोधायची. नळ आला आणि बारव सुटली. बायपास झाला आणि जुन्या पेठेतल्या दुकानांच्या फळ्या कायमच्या लागल्या. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेजची 'शकुंतला' थांबली आणि तिची स्टेशनं विदर्भाच्या उन्हात तशीच राहिली. कराडजवळच्या ओगलेवाडीत प्रभाकर कंदील बनायचे. वीज घरोघर पोचली, कंदिलाचं काम संपलं. जिनिंगच्या गिरण्या, बंद साखर कारखान्यांच्या वसाहती, एकपडदा थिएटरं, खात्यांची जुनी विश्रामगृहं यांना कुणी 'पर्यटन स्थळ' म्हणत नाही, म्हणून ती आपल्यासाठी शिल्लक आहेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच नियमावर उभ्या आहेत.

१. आधी सीन वाचा, जागा नंतर

पटकथेत 'वाडा, दिवस' असं लिहिलेलं असतं. त्यावरून वाडे बघत फिरू नका. मी एकदा अकरा दिवस फिरलो, चाळीसेक वाडे पाहिले. शेवटी दिग्दर्शकाशी नीट बोललो तेव्हा कळलं की त्याला मुळात एवढंच हवं होतं: सून आतल्या खोलीत आहे, तिला सासऱ्यांचं बोलणं ऐकू येतं, पण सासऱ्यांना ती दिसत नाही. म्हणजे दोन खोल्या, मध्ये अर्धवट लागणारं दार आणि एका बाजूने उजेड. तो सीन आम्ही गावातल्या एका बंद दवाखान्यात केला. औषध देण्याची खिडकी होतीच.

म्हणून प्रत्येक सीनसाठी वहीत चार गोष्टी उतरवा. पात्रं कुठून येतात आणि कुठे जातात? संवाद आहेत का, की नुसती हालचाल? काळ कोणता? आणि दारा-खिडकीतून बाहेर काय दिसलं पाहिजे? शेवटचा प्रश्न नवखे विसरतात. आतून देखणं असलेलं घर खिडकीतून समोरच्या मोबाइल टॉवरवर उघडत असेल, तर आर्टवाले तुम्हाला आयुष्यभर ऐकवतील.

२. घरी बसून दोन दिवस नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळवा. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ते उतरवून घेता येतात. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. देऊळ, विहीर, पडका किल्ला, विश्रामगृह, पाऊलवाट अशा खुणा त्यावर असतात, आणि मोबाइलच्या नकाशाला ज्यांच्याशी काही देणंघेणं नाही अशा जागा त्यात बसलेल्या असतात. जुनी आवृत्ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. जुन्यात रस्ता गावातून जातोय आणि नव्यात गावाबाहेरून, म्हणजे आत एक विसरलेली पेठ असणार.

दुसरं साधन गॅझेटियर. १८८० च्या दशकातले मुंबई इलाख्याचे जिल्हावार खंड राज्याच्या दर्शनिका विभागामुळे आज संगणकावर वाचता येतात. प्रत्येक खंडाच्या शेवटी जिल्ह्यातल्या ठिकाणांची वर्णनं असतात. भाषा कलेक्टरी आहे, झोप येते, पण अमक्या गावी मोठा गुरांचा बाजार भरे, तमक्या ठिकाणी नदीवर नावेची उतार होती, असल्या ओळी मिळतात. तो बाजार आज भरत नसेल तर तिथलं पटांगण, धर्मशाळा, दगडी हौद यांचं काय झालं, एवढाच प्रश्न घेऊन निघायचं.

तिसरं, उपग्रहाची चित्रं. त्यात मी मोठं छप्पर आणि भोवती एकही वाहन नाही असं काही दिसतंय का ते शोधतो. अंगणात झाडं माजली असतील तर बहुतेक गोदाम किंवा गिरणी बंदच आहे.

३. कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं

गावात उतरून "इथे बघण्यासारखं काय आहे?" असं विचारलंत तर लोक प्रेमाने तुम्हाला नव्याने रंगवलेल्या देवळात आणि नगरपालिकेच्या बागेत नेतील. त्यांच्या दृष्टीने तेच बघण्यासारखं. प्रश्न बदला. "काय बंद पडलंय?" हा माझा सगळ्यात लाडका प्रश्न. "पूर्वी आठवडी बाजार कुठे भरायचा?" "धरणात कुठलं गाव गेलं, आणि उठलेले लोक कुठे बसवले?" "लग्नाचं वऱ्हाड आधी कुठे उतरायचं?" म्हातारी माणसं या प्रश्नांवर खुलतात, चहा होतो, आणि नातू मोटरसायकल काढून तुम्हाला दाखवायला घेऊन जातो.

माणसंही निवडून गाठा. वीज मंडळाचा लाइनमन प्रत्येक वस्तीवर गेलेला असतो. पोस्टमन, विमा एजंट, बँडवाले, दूध गोळा करणारा टेम्पोवाला यांचंही तसंच. तमाशाच्या फडाच्या व्यवस्थापकाला कुठल्या गावात किती मोठं मैदान आहे आणि तिथे गाडी कशी लागते हे तोंडपाठ असतं. तो ते तंबू ठोकण्याच्या हिशेबाने सांगतो, आणि आपल्यालाही तोच हिशेब हवा असतो.

आणि एसटी. तालुक्याच्या डेपोत वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जा आणि मुक्कामी गाड्या कुठल्या ते विचारा. रात्री गावात थांबून सकाळी परत निघणारी गाडी बहुधा रस्ता संपतो तिथे जाते. तिने जा, गावातच राहा, सकाळी त्याच गाडीने परत या. संध्याकाळचा आणि पहाटेचा, दोन्ही उजेड फुकटात बघायला मिळतात. ड्रायव्हर-कंडक्टर कुठे झोपतात, जेवण कोण देतं, हेही कळतं. पुढे युनिटच्या जेवणाखाण्याचा प्रश्न आला की ती ओळख कामी येते.

४. जागेवर गेल्यावर

आधी देखण्या बाजूकडे पाठ करून उभे राहा. सुंदर कमानीसमोर पोचलात की तिचा फोटो तुम्ही काढणारच आहात. पण कॅमेरामनला उलट्या बाजूचा शॉटही लागतो, आणि तिथे काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या, डिश, निळी ताडपत्री आणि पेव्हर ब्लॉक असतील तर जागा निम्मीच तुमची. प्रत्येक ठिकाणाहून चार दिशांचे चार फोटो, एक येण्याच्या वाटेचा, एक गाड्या लावण्याच्या जागेचा, एवढे काढायचेच.

मग दहा मिनिटं डोळे मिटून बसा. हसू नका, खरंच बसा. हल्ली बहुतेक ठिकाणी आवाज जागेवरच घेतात. पिठाची गिरणी कधी चालू होते, भोंगा किती वाजता, शाळा कधी सुटते, पवनचक्की किती दूर आहे, सगळं टिपून ठेवा. शेतपंपाच्या थ्री फेज लाइटची पाळी जरूर विचारा. बऱ्याच भागात ती दिवसाची आणि रात्रीची आलटूनपालटून येते. मी शांत म्हणून निवडलेल्या एका मळ्यात शूटिंगच्या आठवड्यात दिवसपाळी आली आणि आजूबाजूच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. साउंडवाल्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

उजेडाचं गणित सह्याद्रीत वेगळं असतं. डोंगराच्या पूर्व पायथ्याच्या खोऱ्यांत सूर्य पंचांगातल्या वेळेच्या बराच आधी कड्याआड जातो, तर कोकणात घाटाखालच्या गावांत तो सकाळी उशिरा दिसतो. मोबाइलमधली सूर्याची वाट दाखवणारी ॲप डोंगराची उंची नेहमी धरत नाहीत. म्हणून सीन ज्या वेळेचा आहे त्याच वेळी जागेवर उभं राहणं याला पर्याय नाही.

५. तीच जागा, दुसरा महिना

महाराष्ट्रातल्या विलक्षण जागांपैकी कितीतरी वर्षभर नसतातच. त्यांचा महिना चुकला की जागाच चुकली.

इंदापूर तालुक्यातलं पळसदेव घ्या. तिथलं पळसनाथाचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शिखर, मग सभामंडप, मग सगळा चौथरा वर येतो, भोवती भेगाळलेला गाळ. पण ते किती उघडं पडेल हे त्या वर्षीच्या पाण्यावर. त्या भागातले लोक "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागला. धरणाचा रोजचा साठा जाहीर होत असतो. फेब्रुवारीपासून तो बघत जा आणि गावातल्या एखाद्या मच्छीमाराला दर आठवड्याला फोन करा. भोरकडे भाटघरच्या पाण्यातलं कांबरेश्वराचं देऊळही असंच उन्हाळ्यापुरतं बाहेर येतं. अशा ठिकाणी गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत मऊ असतो. काठी टोचून बघितल्याशिवाय गाडी सोडाच, ट्रॉलीसुद्धा पुढे नेऊ नका.

याच्या उलट नळदुर्ग. किल्ल्याच्या आत बोरी नदीवर बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. पाऊस चांगला झाला, बंधारा भरून वाहायला लागला की नर-मादी नावाचे दोन धबधबे कोसळतात आणि त्यांच्या पडद्याआडून तुम्ही बाहेर बघता. मे महिन्यात गेलात तर कोरडी भिंत बघून परत याल आणि वहीत 'ठीक' लिहाल.

निघोजचे रांजणखळगे पावसाळा ओसरल्यावरचे. कुकडीच्या पात्रात पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टमध्ये खोल रांजण कोरले आहेत. परग्रहावरचा सीन असेल तर सेट लावायची गरज नाही. पण कडा गुळगुळीत, आत पाणी, आणि खोली वरून कळत नाही. लहान मूल किंवा धावपळ असलेला सीन मी तिथे सुचवत नाही.

कोकणातले सडे, म्हणजे कातळाची पठारं, तर वर्षाला तीन वेष बदलतात: मे मध्ये काळाठिक्कर कातळ, श्रावणात रानफुलं, दिवाळीच्या सुमाराला सोनेरी गवत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी, उक्षी, बारसू या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. ती उथळ कोरलेली आहेत, त्यामुळे भर दुपारी पायाखाली असूनही दिसत नाहीत. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात रेषांत सावली भरते आणि अख्खा हत्ती उमटतो. देवाचे गोठणे इथली गंमत आणखी निराळी: शिल्पाजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. म्हणजे होकायंत्रावर चालणारं तुमचं सूर्याचं ॲप तिथे बिनकामाचं. सरळ गुराख्याला विचारा मावळत कुठे ते.

आणि एक मराठी संकट, जे कुठल्याच ॲपमध्ये नाही: जीर्णोद्धार. रेकीत पाहिलेलं काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ महिन्याभराने गुलाबी ऑइल पेंटमध्ये न्हालेलं मिळतं. यात्रा कधी आहे, वर्गणी कशासाठी जमतेय, हे गुरवांना आधीच विचारून ठेवा.

६. मालक कोण?

जागा आवडली की लगेच कुणाशी तरी सौदा करून मोकळं होऊ नका. 'माझीच जागा आहे' म्हणणारा भेटतोच, आणि शूटिंगच्या दिवशी त्याचा चुलतभाऊ काठी घेऊन उभा असतो. शेतजमिनीचा सातबारा काढा. तो ऑनलाइन दिसतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना ८. त्यावर सतरा नावं असतील तर गावात राहणाऱ्या सगळ्या हिस्सेदारांना एकत्र चहाला बोलवा आणि पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते सगळ्यांसमोर लिहून घ्या. बंद कारखाना बहुधा बँकेच्या किंवा अवसायकाच्या, म्हणजे कारभार गुंडाळायला नेमलेल्या माणसाच्या, ताब्यात असतो. गेटवरच्या वॉचमनची परवानगी ही परवानगी नव्हे.

सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, सुरुवात तिथून करा. किल्ला, लेणं, जुनं देऊळ असेल तर आधी बाहेरचा फलक वाचा: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचा, त्यावर अर्जाचं दार ठरतं. काही ठिकाणी दोन दारं असतात. लोणारचं सरोवर अभयारण्यात, म्हणजे वनखातं. आणि तिथल्या दैत्यसूदन मंदिरासाठी पुरातत्त्व. रेल्वेची जागा, गाडी येत नसली तरी रेल्वेचीच. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ च्या नियमांनुसार डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा की लाल भाग ते बघा. पुणे, नाशिक, अहिल्यानगरकडे लष्कराच्या जागा जागोजाग आहेत.

कागद झाले तरी पोलीस पाटलांना आणि सरपंचांना प्रत्यक्ष भेटून सांगा. हा धडा आपल्या सिनेमाइतकाच जुना आहे. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या बाह्यचित्रणासाठी वांगणीला गेले होते. ढाल-तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आले असं वाटलं आणि मंडळींना पोलीस पाटलाने अडकवून ठेवलं. सिनेमा म्हणजे काय हे गावाने पाहिलेलंच नव्हतं, तेव्हा फाळक्यांनी कॅमेरा लावून सीन करून दाखवला, मग सुटका झाली. चित्रपट १९१३ मध्ये लागला. आज लोक सिनेमा ओळखतात, पण पहाटे चार वाजता गावात शिरलेले तीन अनोळखी टेम्पो त्यांना आजही आवडत नाहीत.

७. साठ माणसं तिथे पोचतील का?

हा भाग कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जागा इथेच बाद होतात. जनरेटरची गाडी वळेल का? वाटेतल्या पुलाची रुंदी किती, वायर किती खाली लोंबतात? गाडी जिथे थांबते तिथून सामान उचलून किती मिनिटं चालायचं? हे स्वतः चालून, घड्याळ लावून बघा. गावकऱ्यांचं 'हे इथंच' अर्ध्या तासाचं असू शकतं. बायकांसाठी स्वच्छतागृह किंवा वापरू देणारं घर, जवळचा रात्री उघडा असणारा दवाखाना, विंचू-सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठे मिळतं, मोबाइलला रेंज कुठल्या कंपनीची. लाइटमनदादांना एकदा जागा दाखवता आली तर उत्तम. ते एका नजरेत सांगतात की इथे दिवस जाईल की अर्धा.

दिग्दर्शकासमोर एकच जागा घेऊन जाऊ नका. तीन न्या, आणि प्रत्येकीचा दोष स्वतःच आधी सांगा. फोटोंवर वेळ आणि तारीख घाला. आवडलेल्या जागेचे फोटो जास्त आणि नावडतीचे दोनच, अशी लबाडी नवखे करतात. मीही केली आहे, आणि ती पकडली जातेच.

८. परत येताना

कातळशिल्पावर बूट घालून चालायचं नाही आणि रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू फिरवायचा नाही. लेण्यात धूर सोडायचा नाही. भिंतीला खिळा मारायचा झाला तर आधी विचारायचं. जागा राखणाऱ्या माणसाचे, म्हणजे गुरव, वॉचमन, झाडलोट करणारी मावशी यांचे पैसे मालकाच्या हिशेबात न घालता वेगळे द्यायचे. पॅकअपनंतर प्रॉडक्शनचा कुणी थांबला नाही तरी आपण थांबून पेपरकप गोळा करायचे, कारण गाव लक्षात ठेवतं ते आपलं तोंड.

सिनेमा लागेपर्यंत जागेचं नाव समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. काही जागांचं तर नंतरही नाही. सोलापूर जिल्ह्यात एक बारव आहे, सात मजली सावली आणि तळाशी कासवं. तिथे मी अजून कुठलंच युनिट नेलेलं नाही. दर उन्हाळ्यात एकदा जातो, पाणी किती उतरलंय ते वहीत लिहितो, शेजारच्या मळ्यातल्या आजींना चहापत्ती देतो आणि परत येतो. वहीतल्या त्या पानावर गावाचं नाव लिहायची जागा मी कोरी ठेवली आहे.